शिळावर्तुळे आणि आपण



कोराडीला येऊन गेलेल्या माणसाला काय पाहिले म्हणून विचारावे, तर तो दोनच गोष्टी सांगतो : जगदंबेचे देऊळ आणि वीजकेंद्राची धुरांडी. पण येथून पश्चिमेला काटोल रस्त्याकडे वळले, की जुनापाणी आणि माहुरझरीच्या शिवारात एक फार जुनी वसाहत पसरलेली दिसते. ती मृतांची आहे. तिच्याविषयी आज आम्हाला बोलायचे आहे.

ओळीने मांडलेल्या दगडांची ही गोल रिंगणे. विद्वान त्यांना शिळावर्तुळे म्हणतात. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लोखंड वापरणाऱ्या लोकांनी आपली माणसे येथे पुरली आणि त्यांच्यासोबत कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, काळी-तांबडी मडकी, मणी अशा वस्तू ठेवल्या. माहुरझरीला तर पुरलेल्या घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार निघाले. एकट्या जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत.

ही वर्तुळे जगापुढे प्रथम आणली ती हौशी माणसांनी. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी. शिकवणे हा त्यांचा व्यवसाय, दगडधोंडे हा छंद. टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना १८६३ च्या सप्टेंबरात पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. रिव्हेट-कार्नॅक हे सरकारी अधिकारी. जुनापाणीच्या दगडांवर कोरलेल्या वाटीएवढ्या खळग्यांकडे त्यांनी लक्ष वेधले. शास्त्रशुद्ध काम पुष्कळ नंतर आले. १९६१ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी जुनापाणीला उत्खनन केले. पुढे नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथे खणले. पेंच नदीकाठी नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली. या लोकांचे लोखंड इथल्याच भूमीत तयार होत होते, हे तीमुळे कळले.

मग आज हौशी माणसाला काय काम उरले? हा प्रश्न आम्हालाही पडला होता. त्याचे उत्तर एका मण्याने दिले.

आमच्या मंडळींपैकी एकाने शेतातून एक तांबूस मणी उचलून आणला. आम्ही सारे हरखलो. एका जाणत्या गृहस्थांना दाखवला, तेव्हा त्यांनी मणी हातात घेतलाही नाही. "कोणते शेत? कोणत्या वर्तुळापासून किती पावलांवर?" एवढेच विचारले. आम्हा कोणालाही सांगता येईना. गृहस्थ म्हणाले, "मग हा नुसता मणी आहे. इतिहास तुम्ही तिथेच टाकून आलात." त्या दिवशीची लाज अजून विसरलेली नाही.

तेव्हापासून आमचा नियम एकच : उचलायचे नाही, खणायचे नाही. दोरी, होकायंत्र आणि वही घेऊन रविवारी सकाळी निघायचे. वर्तुळाचा व्यास मोजायचा, दगड मोजायचे, खळगे कोणत्या बाजूला आहेत ते टिपायचे, नकाशा काढायचा. शेतकरी दादांची परवानगी घेतल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही. बहुतेक माहिती तेच देतात. कुठला दगड कधी सरकला, हे त्यांना ठाऊक असते. कोठे काही उघडे पडलेले दिसले, तर खात्याला कळवायचे. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, असा कायदा १८७८ पासून आहे, हेही गावकऱ्यांना सांगायचे.

यात चमत्कार काही नाही. पण एकदा असे झाले, की पावसाळ्यापूर्वी मोजलेले एक वर्तुळ दिवाळीनंतर जागेवर नव्हते. कोणाच्या तरी घराच्या पायात त्याचे दगड गेले असतील. ज्याने नेले, त्याच्यावर आमचा राग नाही. त्याला ते दगडच वाटले, कारण कोणी सांगितलेच नव्हते. त्या वर्तुळाचा आता एवढाच पुरावा उरला आहे : आमच्या वहीचे एक पान.

श्रोतेहो, शहर चहूबाजूंनी वाढते आहे आणि त्याला दगड, मुरूम, जागा सारेच हवे आहे. सगळी वर्तुळे वाचतील असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण न पाहता, न मोजता एकही जाऊ नये, एवढे तर आपल्या हातात आहे. वैशाखात शेते मोकळी असतात. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन आमच्याबरोबर या. येताना वही आणा. परतताना खिसे मात्र रिकामे ठेवा.