पडद्यावरचीं वडील माणसें

मराठी बोलपटांत वडील माणसांची जागा फार दिवस ठरलेली होती. आई देवघरांत अथवा चुलीपाशीं, वडील आरामखुर्चीवर, आणि आजी असलीच तर जपमाळ घेऊन कोपऱ्यांत. नायक-नायिकेला आशीर्वाद द्यावा किंवा त्यांच्या विवाहाला आडवें यावें, यापलीकडे त्यांना काम नसे. या नियमाला थोर अपवादहि झाले. प्रभात कंपनीच्या 'शेजारी' (१९४१) या बोलपटांत केशवराव दाते व गजानन जागीरदार यांनीं उभे केलेले दोन वृद्ध मित्र, एक हिंदू व एक मुसलमान, हेच कथेचे नायक होते. परंतु अपवाद तो अपवादच. २०२१ ते २०२५ या काळांत मात्र लोकांनीं डोक्यावर घेतलेल्या मराठी चित्रपटांपैकीं निदान तीन असे निघाले, कीं ज्यांत वय झालेलीं माणसें कोपऱ्यांतून उठून पडद्याच्या मध्यभागीं येऊन बसलीं. हौशी प्रेक्षकानें थोडें थांबून विचार करावा, अशी ही गोष्ट आहे.

पहिला चित्रपट 'झिम्मा'. तो १९ नोव्हेंबर २०२१ रोजीं प्रदर्शित झाला, तेव्हां महासाथीनंतर महाराष्ट्रांतील चित्रगृहें उघडून महिनाहि झाला नव्हता, आणि निम्म्याच खुर्च्या भरण्याची मुभा होती. अशा वेळीं हेमंत ढोमे यांनीं निरनिराळ्या वयाच्या व स्वभावाच्या सात बायकांना एकत्र करून इंग्लंडच्या सहलीस धाडलें. कथानक म्हणावें असें थोडेंच. रुसणें, हसणें, एकमेकींना उणें बोलणें आणि मग एकमेकींना सांभाळून घेणें, एवढ्यावर खेळ चालतो. परंतु सुहास जोशी व निर्मिती सावंत यांच्या भूमिका लक्षपूर्वक पाहिल्या म्हणजे ध्यानांत येतें कीं, येथें प्रवास हें केवळ निमित्त असून खरा प्रश्न मोकळीक मिळण्याचा आहे. जन्मभर दुसऱ्यांचे डबे भरून देणाऱ्या बाईनें एकदां स्वतःची पेटी भरावी, ही तिच्या लेखीं परदेशाहूनहि मोठी घटना असते.

हीच नाडी केदार शिंदे यांनीं 'बाईपण भारी देवा' मध्यें अधिक नेमकी पकडली. हा चित्रपट ३० जून २०२३ रोजीं आला. यांत सहा बहिणी आहेत. थोरल्या दोघींत अबोला. एकीचा संसार मोडकळीस आलेला. एकीचें गाणें सासरच्या धाकांत दबून गेलेलें. मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा त्यांना एकत्र आणते. मंगळागौर हें वास्तविक नव्या नवरीचें व्रत. लग्नानंतरचीं पहिलीं पांच वर्षें श्रावणांतल्या मंगळवारीं पूजा करावयाची आणि रात्रीं फुगड्या, झिम्मा, पिंगा घालून जागवावयाची. तो नवतीचा खेळ गुडघे धरलेल्या, श्वास लागणाऱ्या बायकांनीं पुन्हां मांडावा, या कल्पनेंतच चित्रपटाचें मर्म आहे. अंग साथ देत नाहीं, पण पायांना ठेका आठवतो. रोहिणी हट्टंगडी व वंदना गुप्ते यांनीं हा विरोध फार सहजपणें दाखविला आहे. शब्द न बोलतां एकमेकींकडे टाकलेली त्यांची नजर पुष्कळ सांगून जाते.

या चित्रपटाचा खरा चमत्कार मात्र पडद्याच्या अलीकडे घडला. बायका जथ्याजथ्यानें, नऊवारी नेसून, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून चित्रगृहांत आल्या. खेळ सुटल्यावर कांहीं ठिकाणीं तेथेंच फुगड्या रंगल्या. ज्या बाईला एरव्हीं मुलाबाळांच्या आवडीचा चित्रपट पाहावा लागे, ती स्वतःच्या मैत्रिणींना घेऊन स्वतःची गोष्ट पाहावयास निघाली. तिकिटांचें उत्पन्न पाऊणशे कोटि रुपयांच्या पुढें गेलें, यांत म्हणून नवल नाहीं. एवढा मोठा प्रेक्षकवर्ग इतकीं वर्षें घरांत बसून होता आणि त्याला कोणी बोलावलेंच नव्हतें, नवल याचें आहे.

कौतुक झालें, तरी उणें तेंहि सांगितलें पाहिजे. या दोन्ही चित्रपटांना गांठी सोडविण्याची फार घाई आहे. वर्षानुवर्षांचा सल शेवटच्या अर्ध्या तासांत विरघळतो. घरांतल्या पुरुषांना एका प्रसंगांत उपरति होते. आणि वाद्यें वाजूं लागतांच सर्व दुःखें रांगेनें निघून जातात. संसाराचा अनुभव असा नाहीं. शिवाय यश पाहून अनुकरणाची लाट उठते. उद्यां सहा बहिणींच्या जागीं आठ जावा आणि इंग्लंडच्या जागीं दुसरा देश एवढाच फरक करून नवा पट काढावा असा मोह निर्मात्यांना होईल, आणि मग प्रेक्षकाला विटावयास वेळ लागणार नाहीं.

तिसरा चित्रपट या हंसऱ्या वाटेनें गेला नाहीं. सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' १२ सप्टेंबर २०२५ रोजीं प्रदर्शित झाला. त्याचे नायक दिलीप प्रभावळकर यांनीं त्या वेळीं वयाचीं ८१ वर्षें पुरीं केलीं होतीं. दशावतार ही दक्षिण कोकणांतली लोककला. गांवोगांवच्या देवळांत, जत्रेच्या रात्रीं, पहांटेपर्यंत हा खेळ चालतो. पुरुषच स्त्रियांचीं सोंगें घेतात, आणि संवाद लिहिलेले नसून नट ते आयत्या वेळीं रचतात. अशा मंडळींत आयुष्य घालविलेला बाबुली मेस्त्री दृष्टि मंदावली तरी सोंग सोडीत नाहीं. मुलाला वाटतें, बापानें आतां विसांवा घ्यावा. बापाला वाटतें, तोंडावरचा रंग पुसला तर मागें काय उरेल? या दोन प्रेमळ माणसांमधील ओढाताण हा चित्रपटाचा उत्तम भाग होय. पुढें खाणीचा धंदा गांवावर व रानावर येतो, घात होतो, आणि म्हातारा एकेक अवतार धारण करून उभा राहतो. तेथून पुढें भपका वाढतो व नाजूक रेषा थोड्या पुसट होतात. तरीहि सूड घेणारा नायक ऐशीच्या घरांतला असावा आणि तरुण प्रेक्षकांनीं त्याला टाळ्या द्याव्यात, हें विलक्षणच. 'शेजारी' मध्यें धरणाच्या कामानें गांवांत फूट पाडली होती. येथें खाण आली. ८४ वर्षांनीं पुन्हां गांवाची बाजू मांडण्यास मराठी पडद्याला म्हाताराच आठवला, हें सूचक आहे.

या तीन चित्रपटांनीं म्हातारपणाची कींव केली नाहीं, हा त्यांचा मोठा गुण. थकलेल्या देहांत हौस असते, राग असतो, मत्सर असतो, शिकण्याची इच्छा असते, हें त्यांनीं तिकीट काढून आलेल्या मोठ्या जनसमुदायाला दाखविलें. परंतु चित्रपटाची सत्ता अडीच तासांची. चित्रगृहांत रडून-हसून मोकळी झालेली आई घरीं परतते, तेव्हां तिच्या हातीं पुन्हां भाजीची पिशवी येते, आणि आजोबांच्या बोलण्याला 'बरं बरं' म्हणून उत्तर मिळतें. ज्या घरांतल्या तरुणांनीं हे चित्रपट पाहिले असतील, त्यांनीं घरच्या वडील माणसांना एवढेंच विचारून पाहावें: कोणता प्रसंग आवडला, आणि कां आवडला? उत्तर ऐकण्यास थोडा वेळ काढावा लागेल. कदाचित् त्या उत्तरांतून अशी एखादी गोष्ट बाहेर पडेल, कीं जी पडद्यावर अजून कोणीं आणलेली नाहीं, आणि जी त्या घरांतहि आजवर कोणीं विचारलेली नाहीं.