शहर कोणी वसवलं?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



मुंबई कोणाची, हा वाद आपण नेहमी ऐकतो. मी आज एवढंच विचारतो, की मुंबई वसवली कोणी? 1668 साली ही बेटं ईस्ट इंडिया कंपनीकडे आली, तेव्हा इथे कोळी, आगरी, भंडारी असे थोडे लोक होते. बाकीचे बहुतेक मागाहून आलेले. 1854 साली कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी काढली. पुढे गिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी, सातारा, पुण्याकडची माणसं वळकट्या घेऊन निघाली. त्यात आपलीही माणसं होती. गावात वेठ आणि गावकुसाबाहेरचं घर. इथे निदान रोख पगार होता.

पण जात वेशीवर थांबली नाही. ती त्याच बोटीने मुंबईला आली. गिरणीत जास्त मजुरी साचेखात्यात. तिथे धोट्यातली कांडी संपली, की नव्या कांडीचं सूत तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावं लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगाराला चालेना. म्हणून आपल्याला ते खातं बंद! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. मालकाशी भांडताना एकजूट आणि खात्यात मात्र विटाळ, ही कसली एकजूट?

तरीही शहराने आपल्याला पुष्कळ दिलं. 1920 च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली अवघी 160 चौरस फुटांची. तिच्यात दोन-दोन बिऱ्हाडं राहिली, पण पोरं दिव्याखाली शिकली. स्वतः बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षं राहिले. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गोडव्यांवर टीका केली, ती अनुभवाने.

1982 च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. काम गेलं, की शहर कामगाराला विसरतं. 2020 च्या टाळेबंदीत परप्रांतीय मजूर पोरं खांद्यावर घेऊन पायी गावाकडे निघाले. तेव्हा मला आपल्या आजोबांची वळकटी आठवली.

म्हणून जाता जाता एकच विचारतो. उद्या कोणी नवखा आपल्या दारात भाड्याची खोली विचारायला आला, तर आपण आधी त्याचं आडनाव विचारणार का? आपल्या आजोबांना तेच विचारलं गेलं होतं. याचं उत्तर घरी जाऊन ज्याने त्याने द्यावं.

जयभीम.