मागें फिरण्याची वाट

एखाद्या साधनाची नवी आवृत्ति निघाली म्हणजे तिच्यांत नवें काय आहे, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. तो स्वाभाविक आहे. परंतु कारागिराच्या दृष्टीनें पुरेसा नाहीं. हातून काम बिघडलें तर मागें फिरण्याची वाट तिनें ठेवली आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा होय. छायाचित्रांवर संस्कार करणाऱ्या फोटोशॉप ह्या संगणक-प्रणालीचा इतिहास ह्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत अभ्यास करणारे टॉमस नोल ह्यांनीं १९८७ सालीं हिचा पाया घातला. त्यांचे बंधु जॉन नोल चित्रपटांतील दृश्यचमत्कृतींच्या क्षेत्रांत काम करीत. दोघांच्या श्रमांतून सिद्ध झालेली ही प्रणाली ॲडोबी कंपनीनें १९९० सालीं विक्रीस आणली.

त्यापूर्वीं निगेटिव्हवर शिसपेन्सिल, कुंचला आणि चाकूचें टोंक चालविणारा कारागीर श्वास रोखून काम करी. कारण एकदां खरवडलेलें पुन्हां भरून येत नसे. संगणक येतांच ही धास्ती सरली असेल, असें वाटतें. पण प्रारंभीं तसें झालें नाहीं. चुकलेली कृति रद्द करतां येई खरी, परंतु ती केवळ शेवटची एकच.

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, एका घरांत आजीचें एकच जुनें छायाचित्र उरलें आहे आणि त्यावरची चीर नेमकी तिच्या गालावरून गेली आहे. छायाचित्राची प्रत संगणकांत घेऊन कारागीर चीर बुजवतो, काळोखी उजळतो, डाग पुसतो. तासाभरानें लक्षांत येतें कीं, चिरेबरोबर गालावरचा तीळही बुजला. ज्या खुणेनें नातवंडें आजीला ओळखीत, तीच नाहींशी झाली. मागें एकच पाऊल टाकतां येत असेल, तर सारें काम आरंभापासून करणें प्राप्त होतें.

ही अडचण निरनिराळ्या आवृत्त्यांनीं क्रमाक्रमानें दूर केली. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तींत थर आले. मूळ चित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर रंग भरावा, तशी दुरुस्ती वेगळ्या थरावर राहूं लागली. तीळ बुजला तर तेवढाच भाग त्या थरावरून पुसावा. खालचें चित्र अबाधित असतें. १९९६ च्या चौथ्या आवृत्तीनें उजेड आणि रंग ह्यांतील फेरफारांनाही असाच स्वतंत्र थर दिला. तीच कृति वारंवार करावयाची असल्यास पावलांची मालिका एकदां नोंदवून ठेवण्याची सोयही तिनें केली. १९९८ च्या पांचव्या आवृत्तींत केलेल्या पावलांची यादीच डोळ्यांसमोर आली आणि अनेक पावलें मागें जातां येऊं लागलें. पुढें २००७ सालीं ॲडोबीनेंच काढलेल्या लाइटरूम ह्या प्रणालींत मूळ छायाचित्राला धक्काही लागत नाहीं; केवळ सूचना नोंदल्या जातात, आणि एका छायाचित्राच्या सूचना शेंकडों छायाचित्रांना लागू करतां येतात.

ह्या दोन सोयींतला भेद मात्र ध्यानांत ठेवावा. पावलांची यादी चित्र बंद करतांच पुसली जाते. थर जतन होतात, पण फोटोशॉपच्या स्वतःच्या स्वरूपांत किंवा थर सांभाळणाऱ्या अन्य स्वरूपांत चित्र ठेवलें तरच. जेपेग स्वरूपांत सारे थर एकजीव होतात. म्हणून थरांसह एक प्रत घरीं ठेवावी आणि नातेवाइकांना धाडण्यासाठीं जेपेग प्रत निराळी काढावी. थरांमुळें चित्र संगणकांत अधिक जागा व्यापतें. ती मागें फिरण्याच्या वाटेची किंमत समजावी.

२०२३ सालीं फोटोशॉपमध्यें आणखी एक शक्ति आली. फाटून गेलेला भाग यंत्र स्वतःच्या कल्पनेनें भरून देतें. हा भाग कितीही खरा दिसला तरी ती आजी नव्हे, यंत्राचा तर्क होय. सुदैवानें तो निराळ्या थरावर ठेवला जातो. नको असल्यास उचलतां येतो, आणि अस्सल कोणतें व रचलेलें कोणतें, हें थर जपणाऱ्याला सांगतां येतें.

चुकीची भीति गेली म्हणजे हात मोकळा होतो व मनुष्य नवें करून पाहण्यास धजतो, हा ह्या सर्व सुधारणांचा खरा लाभ होय. परंतु यंत्र मागें जाण्याची वाट दाखवितें. कोठें वळावें, तें सांगत नाहीं. तीळ बुजला, हें ओळखण्यास आजीला पाहिलेले डोळेच लागतात. म्हणून काम संपविण्यापूर्वीं तें घरांतल्या वडील माणसांना एकदां दाखवावें, आणि मगच थर एकजीव करावेत.