शेड का रखडते?
चाकण एमआयडीसीत नव्या शेडचा पाया तयार असतो, पण लोखंडी खांबच आलेले नसतात. मजूर बसून, क्रेनचं भाडं चालू! हे टाळायचं शास्त्र म्हणजे बांधकाम व्यवस्थापन; सिव्हिलच्या पदवीनंतर ते एम.टेक.ला शिकता येतं. १९८३ साली स्थापन झालेली, खास याच विषयाची निकमार ही संस्था तर जवळच, पुण्यातल्या बालेवाडीत आहे. आता ती विद्यापीठ झाली आहे.

अभ्यासाचा गाभा म्हणजे ‘क्रिटिकल पाथ’. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत ही पद्धत आकाराला आली. कोणतं काम एक दिवस लांबलं तर अख्खा प्रकल्प लांबतो, हे ती दाखवते. कुंपणाचं रंगकाम आठवडाभर थांबलं तरी चालतं. खांब अडले की छत, यंत्रं, सगळंच अडतं.

माझं मत विचाराल, तर एम.टेक.च्या आधी साइटवर काम करावं. ठेकेदाराशी बिलावरून हुज्जत घातलेल्याला करारांचा तास कंटाळवाणा वाटत नाही.