व्होल्गेतला मनोरा



मॉस्कोहून सेंट पीटर्सबर्गला आम्ही बोटीने गेलो. उग्लिच, यारोस्लाव्हल, 1397 साली स्थापलेला किरिलोव्हचा मठ, किझीचे लाकडी चर्च, सारे डोळे भरून पाहिले. पण मनात घर केले ते वाटेतल्या काल्याझिनने.

1940 च्या सुमारास उग्लिच धरणाचे पाणी चढले आणि जुन्या गावाचा मोठा भाग बुडाला. चर्च पाडले गेले. सुमारे 74 मीटर उंच घंटेचा मनोरा तेवढा पाण्यात उभा आहे.

आम्हांला हिडकल जलाशयातले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर आठवले. घटप्रभेचे पाणी ओसरले की तेही वर येते.

दगड पुन्हा दिसतो. उठून गेलेल्यांच्या आठवणी कुणीतरी लिहाव्या लागतात. आपल्या भागातल्या धरणग्रस्त वडीलधाऱ्यांकडून त्या आताच लिहून घेऊ या.

गणपती बाप्पा मोरया!