फ्यूजची तार जाड करू नका

आमच्या बचत गटाच्या खोलीत जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. तो दुरुस्त करून घेताना कळलेल्या गोष्टी घरच्या बोर्डालाही लागू पडतात.

गाणं ऐकू येतं, पण काट्यामागचा दिवा लागत नाही? मग बहुतेक दिवाच गेलाय. तो साधारण 6.3 व्होल्टचा असतो. गाणंही नाही, दिवाही नाही, तर आधी प्लग काढा, मग फ्यूज बघा.

नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घाला. तोही लगेच उडाला, तर आत शॉर्ट आहे. मेकॅनिक सेटच्या आधी सिरीजमध्ये 60 वॅटचा पिवळा बल्ब जोडतात. बल्ब लख्ख पेटूनच राहिला, की शॉर्ट नक्की. सेटची पाठ मात्र आपण उघडायची नाही. प्लग काढला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते.

घरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणी तांब्याची जाड तार गुंडाळून देतं. मग फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर जळते. फ्यूज उडतो म्हणून घर वाचतं, बायांनो! मेन स्विच बंद करा, वायरमनला बोलवा.