जुनी उपकरणे, दूरचा खरीददार आणि परताव्याचा तंटा

(शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे ग्राहक-शिक्षणावर दिलेल्या व्याख्यानाचा संकलित भाग)



आठवड्याच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी आधी त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, दोन जाणत्यांना विचारतो आणि मगच पैसे मोजतो. विकणाराही तेथेच उभा असतो. त्याचे गाव, त्याचे घराणे सर्वांस ठाऊक असते. उद्या काही वाद उपस्थित झाला तर तो कोणापुढे न्यावयाचा, हेही ठरलेले असते. आज आपल्याच गावातील तरुण वापरलेला मोबाइल किंवा लॅपटॉप इंटरनेटवरून शेकडो मैलांवरील माणसास विकतो. तेथे वस्तू हाताळून पाहता येत नाही आणि परस्परांची ओळखही नसते. अशा व्यवहारात खरीददार पैसे परत मागू लागला म्हणजे दोन्ही बाजू गोंधळतात व बऱ्याचदा सल्ल्यासाठी आपल्याकडे येतात. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करणे अगत्याचे आहे.

जुन्या वस्तूंच्या या बाजाराकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. नवा लॅपटॉप ज्यास परवडत नाही, अशा विद्यार्थ्याचे शिक्षण जुन्या लॅपटॉपवर होते. तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या तरुणाची उपजीविका त्यावर चालते. उपकरण अधिक काळ वापरात राहिले, तर तितका कचराही लांबणीवर पडतो. परंतु ज्याने महिनाभराची कमाई देऊन फोन घेतला, त्याचे पैसे बुडाले तर ती हानी लहान नव्हे. आणि ज्याने प्रामाणिकपणे वस्तू विकली, त्याच्यावर खोटा दावा लादला गेला तर तीही हानी तितकीच मोठी आहे.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. ही अट दुकानदारास लागू आहे, तशीच स्वतःचा एकच फोन विकणाऱ्या गृहस्थासही लागू आहे. त्या वर्णनापलीकडे वस्तूच्या दर्जाची हमी मात्र सर्वांवर सारखी नाही. कलम १६ चे मूळ सूत्र असे की, खरीददाराने स्वतः पारखून घ्यावे. परंतु त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला असेल, तर तो विक्रीयोग्य दर्जाचा असावा अशी अट कायदाच गृहीत धरतो. खरीददाराने माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते त्यांबद्दल त्याला तक्रार करता येत नाही. याशिवाय भारतीय संविदा अधिनियम, १८७२ अन्वये खोटे सांगून किंवा दोष युक्तीने दडवून संमती मिळविली असेल, तर असा करार फसवल्या गेलेल्या पक्षास रद्द करता येतो. म्हणून ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी एक ओळ लिहून ठेवली की विक्रेता सर्व जबाबदारीतून सुटला, ही समजूत चुकीची आहे. त्या ओळीने खोटे वर्णन खरे होत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० मध्येही हाच भेद आढळतो. धंदा म्हणून नियमितपणे विक्री न करता वैयक्तिक रीतीने एखादी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीस हे नियम लागू होत नाहीत. परंतु जो बाजारमंचावर नियमित विक्री करतो, त्याला सदोष माल, किंवा जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये नसलेला माल परत घेण्यास व पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. तक्रार आल्यापासून ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण, हे त्याचे कर्तव्य आहे. तेव्हा वाद आपल्यापुढे आला की पहिला प्रश्न हा विचारावा: विकणारा धंदा करणारा आहे, की स्वतःची जुनी वस्तू एकदाच विकणारा?

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका शिक्षकाने चार वर्षे वापरलेला लॅपटॉप १४,००० रुपयांस दुसऱ्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यास विकला. आठ दिवसांनी विद्यार्थी कळवितो की, बॅटरी अर्धा तासही टिकत नाही, सबब सर्व पैसे परत करा. येथे न्याय काय? जाहिरातीत ‘बॅटरी जुनी आहे, लॅपटॉप विजेस जोडूनच वापरावा लागेल’ असे लिहिले असेल, तर परताव्याचा प्रश्न उद्भवत नाही. ‘बॅटरी तीन तास चालते’ असे लिहिले असेल, तर वर्णन खोटे ठरले आणि विक्रेत्यास जबाबदारी टाळता येणार नाही. बॅटरीविषयी काहीच लिहिले नसेल, तर प्रश्न अवघड होतो. लिथियम बॅटरी वापराने आणि नुसत्या वयानेही क्षीण होते, हे जुनी वस्तू घेणाऱ्याने ध्यानात घ्यावयास हवे. पण विक्रेत्यास त्या दोषाची पूर्ण कल्पना होती, हेही तितकेच खरे. अशा वेळी संपूर्ण व्यवहार मोडण्यापेक्षा नव्या बॅटरीचा खर्च दोघांनी वाटून घेणे किंवा किमतीत तेवढी सूट देणे, हा मार्ग बहुधा दोघांसही पटतो.

यावरून दिसेल की, तंट्याचे मूळ विक्रीपूर्वीच्या वर्णनात असते. विक्रेत्याने वस्तूचे वय, झालेली दुरुस्ती, बदललेले भाग आणि ज्ञात दोष स्पष्ट लिहावेत. ओरखडा असेल तर त्याचे छायाचित्र आधी द्यावे. मोबाइलचा १५ अंकी आय.एम.ई.आय. क्रमांक *#०६# दाबल्यावर दिसतो. तो व लॅपटॉपचा अनुक्रमांक नोंदवून ठेवावा. उपकरण चालू स्थितीत असल्याची आणि ते बांधून पाठवीत असतानाची चित्रफीत काढावी. खरीददारानेही पुडके उघडताना तसेच करावे. वाटेत झालेली मोडतोड कोणाची, हा वाद मग पुराव्यावर मिटतो. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला तर नाही ना, याची खात्री दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ सेवेवर करून घेता येते.

आणखी एक साधी गोष्ट. विकण्यापूर्वी फोनमधील आपले खाते काढून न टाकता तो पुसून दिला, तर नव्या मालकास तो जुन्या मालकाचा संकेतशब्द मागतो आणि चालतच नाही. घेणाऱ्यास वाटते, आपण फसलो. वास्तविक विक्रेत्याने खाते मोकळे करून दिले की ही तक्रार परताव्याविनाच मिटते. मात्र त्यासाठी आपला संकेतशब्द कोणासही सांगू नये.

तक्रार आल्यावर विक्रेत्याने मौन धरू नये व संतापूनही उत्तर देऊ नये. तक्रार लेखी मागवावी आणि दोषाची चित्रफीत अनुक्रमांकासह पाठविण्यास सांगावे. आपल्या मूळ वर्णनाशी ती ताडून पाहावी आणि आपली भूमिका लेखी कळवावी. वस्तू परत घ्यावयाची ठरल्यास वाहतुकीचा खर्च कोणी सोसावयाचा, ते आधी ठरवावे. वस्तू हाती आल्यावर अनुक्रमांक व आतील भाग तपासावेत, कारण चांगला भाग काढून निकामी भाग बसविल्याचे प्रकार घडतात. तपासणीनंतर मात्र रक्कम विनाविलंब द्यावी. आणि ती ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी. बाजारमंचावर झालेला व्यवहार मंचाबाहेर मिटवू नये. तेथील नोंद हाच दोघांचा आधार असतो.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. पैसे स्वीकारण्यासाठी यू.पी.आय.चा गुप्त क्रमांक कधीही टाकावा लागत नाही. तो टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जातात. ‘परतावा घेण्यासाठी हा संकेत स्कॅन करा’ असे सांगणारा मनुष्य परतावा देत नसून लुबाडीत असतो. पैसे भरल्याचे नुसते चित्र पाहून वस्तू हवाली करू नये. स्वतःच्या बँक खात्यात रक्कम जमा झालेली पाहावी. ‘चुकून जास्त रक्कम आली, उरलेली अमुक खात्यात पाठवा’ अशी विनंती आल्यास सावध व्हावे. ती रक्कम तिसऱ्याच फसवल्या गेलेल्या माणसाची असू शकते, आणि मग चौकशीत आपले खाते गोठविले जाते. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. जितका विलंब, तितकी पैसे अडवून ठेवण्याची शक्यता कमी.

आपसात न मिटल्यास पुढे काय? धंदेवाईक विक्रेत्याविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. तेथेही न मिटल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. आपण जेथे राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा या कायद्याने दिली, हा दूरच्या व्यवहारांच्या दृष्टीने मोठा लाभ आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही. दोन खाजगी व्यक्तींमधील वाद मात्र सहसा दिवाणी स्वरूपाचा असतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीचा मार्ग खुला आहे.

महाराष्ट्रास ग्राहक चळवळ नवी नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले, ते १९८६ च्या ग्राहक कायद्यापूर्वी बारा वर्षे. त्या चळवळीने ग्राहकास हक्कांची जाणीव दिली. आता पुढची पायरी अशी की, ज्या घरात काल केवळ ग्राहक होता, त्याच घरात आज विक्रेताही आहे. म्हणून हक्काबरोबर विक्रेत्याच्या कर्तव्याचेही शिक्षण आपण दिले पाहिजे.

शिक्षकांनी वरच्या वर्गांत विद्यार्थ्यांकडून एखाद्या जुन्या वस्तूचे खरेखुरे वर्णन लिहून घ्यावे. भाषेचा आणि सचोटीचा धडा एकाच वेळी होईल. पंचायत सदस्यांनी न्यायाधीश न होता दोन्ही बाजूंचे कागद समोर ठेवून समेट घडवावा व झालेला समेट लेखी करून घ्यावा. कार्यालयातील किंवा शाळेतील जुने संगणक मात्र कोणीही परस्पर विकावयाचे नाहीत. जडवस्तू नोंदवहीतील नोंद आणि सक्षम अधिकाऱ्याची निर्लेखनास मंजुरी, याच मार्गाने त्यांची विल्हेवाट लागली पाहिजे.

दूरच्या माणसाचा चेहरा आपणांस दिसत नाही. त्याला आपल्याविषयी जे काही ठाऊक असते, ते आपण लिहिलेल्या चार ओळींवरूनच. त्या ओळी खऱ्या असल्या, तर बहुतेक तंटे उद्भवणारच नाहीत. आणि जे उद्भवतील, त्यांत प्रामाणिक मनुष्यास पुराव्याची उणीव भासणार नाही. हे आपण आपापल्या गावी सांगावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.